पाणपक्ष्यांचा कायमचा बंदोबस्त: काही अनुभवसिद्ध उपाय

सोलापुरात काळ्या दगडाला तोटा नाही, त्यामुळे खाणींनाही नाही. खडी काढून झाली, क्रशर उठून गेला आणि मागे राहिलेल्या खड्ड्यात वर्षानुवर्षांचं पावसाचं पाणी साठलं, अशा जुन्या खाणी शहराच्या चारी अंगांना आहेत. तुमच्या घराजवळही एखादी असेल. आता अशा खाणीत टिबुकल्या बुड्या मारताना दिसायला लागल्या, हिवाळ्यात थापट्या बदकांचा थवा उतरायला लागला, काठाच्या चिखलात शेकाटे आपल्या लांब तांबड्या पायांवर उभे राहायला लागले, की जबाबदार नागरिकाला स्वस्थ झोप कशी लागावी? काहीतरी करायलाच हवं. नेमकं काय, ते खाली देतो. यातला एकही उपाय माझा नाही. बहुतेक सगळे यंदाच्या मार्चमध्ये आमच्या जवळच्या खाणीवर यशस्वीपणे करून झालेले आहेत, त्यामुळे गुण येतो याची खात्री बाळगा.

आधी कागद बघून घ्या. सातबाऱ्यावर तिथं तळं नसतं, खाण असते, आणि खाणीत पक्षी राहतात असं लिहायला कुठलाही रकाना नाही. पक्ष्यांनी वेळेत फेरफार नोंदवून घेतला नाही, यात आपला काय दोष?

तरीही एखादा शहाणा २०१७ चे पाणथळ जागांचे नियम छापून घेऊन येतोच. घाबरू नका. पिण्याचं पाणी, सिंचन, मत्स्यशेती, मीठ आणि करमणूक यांसाठी मुद्दाम बांधलेले मानवनिर्मित जलसाठे त्या नियमांतून वगळलेले आहेत. शहाणा म्हणेल, ‘अहो, ही खाण पाण्यासाठी खणलीच नव्हती, खडीसाठी खणली होती. मग ती या यादीत कशी बसते?’ त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे. म्हणून त्याला चहा पाजा, आणि त्याचा चहा पिऊन होईपर्यंत काठावर दोन झोपाळे आणि एक कारंजं बसवून टाका. झाली करमणूक. मग तो सर्वोच्च न्यायालय काढेल. न्यायालयानं २०१७ मध्ये देशातल्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण दिलं हे खरं, पण त्या सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या. आपली खाण त्याहून लहान असली की सुटलो. बदकांना हेक्टर कळत नाहीत, ती कुठंही उतरतात.

हे झाले किरकोळ उपाय. रामबाण एकच: सुशोभीकरण.

मुहूर्त मार्चचाच धरायचा. निधी ३१ तारखेच्या आत संपवायचा असतो हे तुम्हाला सांगायला नको. पण पक्ष्यांच्या बाजूनं पाहिलं तरी हीच वेळ उत्तम, कारण टिटवी याच सुमाराला अंडी घालायला लागते. ती झाडावर जात नाही, काड्या गोळा करत नाही. उघड्या खडीत जरासा खळगा करते, भोवती चार खडे सरकवते आणि त्यात चार अंडी ठेवते, निमुळती टोकं आतल्या बाजूला. मातकट रंग, वर काळे डाग. दोन पावलांवरून बघितलं तरी खडीच वाटते. आणि सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. त्या उन्हात अंडी शिजू नयेत म्हणून ती पाण्यापर्यंत चालत जाते, पोटाची पिसं भिजवते, परत येते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते. सुकली की पुन्हा जाते. असं साधारण चार आठवडे. पिल्लं बाहेर आली की लगेच चालायला लागतात, मग जागा मोकळीच. म्हणजे चार आठवडे थांबलं तर कुणाचंच काही बिघडत नव्हतं. म्हणून थांबायचं नाही. त्याच खडीवर मुरूम टाकायचा, त्यावर रोलर फिरवायचा आणि त्यावर लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक. वॉकिंग ट्रॅक.

मी पोकलेनवाल्याला सांगायला गेलो. ‘मामा, इथं अंडी आहेत, एवढा तुकडा तेवढा सोडा.’ तो खाली उतरला, त्यानं अंडी पाहिली, चुकचुकलाही. म्हणाला, ‘मालक, मला सायबानं सांगितलंय. आजच्या आज पिचिंग.’ त्या माणसाचा मला राग नाही. साहेबांना फोन लावला. वन्यजीव संरक्षण कायद्यात, १९७२ च्या, अंडी फोडणं आणि घरटं विस्कटणं हेसुद्धा शिकारीच्या व्याख्येत येतं, एवढं मी त्यांना शांतपणे सांगितलं. ‘शिकार? अहो, बंदूक कुठाय?’ असं म्हणून साहेब मनापासून हसले. नंतर समजूत घातली: ‘सर, पक्ष्यांसाठीच तर चाललंय हे. एन्ट्रीला सिमेंटचे दोन राजहंस बसवतोय आपण.’

बसवले. दोन्ही पांढरे, माना एकमेकांकडे वळवून मध्ये बदामाचा आकार केलेला, सेल्फीसाठी.

आता पिचिंगचा, म्हणजे काठाला दगड बसवून घेण्याचा, फायदा समजून घ्या, म्हणजे तुमच्याकडे काम निघालं की आग्रह धरता येईल. जुन्या खाणीच्या तीन बाजू सरळ कापलेल्या असतात, पाणी एकदम खोल. चौथ्या बाजूला खडीच्या गाड्या आत-बाहेर करायच्या तो उतार असतो. सगळ्या खाणीत उथळ पाणी म्हणावं ते तेवढंच. हळदीकुंकू बदक किंवा भुवई बदक घ्या, ही बुड वर करून, मान पाण्यात घालून तळाचं खाणारी. त्यांना मान पोचेल इतकंच पाणी लागतं, वीस-तीस फुटी डोहात ती काय खाणार? पाणकणीसही त्या उतारावरच रुजतं. टिबुकली आपलं तरंगतं घरटं त्या पाणकणसाला अडकवते आणि घरटं सोडून जाताना अंड्यांवर ओला पाला ओढून जाते, कुणाला दिसू नयेत म्हणून. म्हणजे सगळ्या खाणीचा जीव त्या उतारात. आणि टेम्पो आत येऊ शकतो, तोही त्याच उतारावरून! याहून मोठी सोय काय हवी? आमच्याकडे सुशोभीकरणाआधी दोन महिने रोज संध्याकाळी टेम्पो रिव्हर्स घेत यायचे, फाळकं पडायचं, राडारोडा पाण्यात. उथळ भाग भरला. मग ‘काठ ओबडधोबड दिसतो’ म्हणून त्यावर दगडी पिचिंग मंजूर झालं. आधी घाण टाकायची, मग ती झाकायला निधी मागायचा. ज्यानं टाकली त्याला कोणी विचारलं नाही, ज्यानं झाकली त्याचं नाव मात्र कोनशिलेवर.

पाणकणीस उपटताना ‘स्वच्छता मोहीम’ असा फलक लावायला विसरू नका.

दिवे हवेतच. रात्रभर. रंग बदलणारे.

आणि कारंजं. ज्या शहरानं नळाला चार-पाच दिवसांनी येणारं पाणी वर्षानुवर्षं पाहिलं त्या शहरात कारंजं उडायलाच पाहिजे, निदान बघून तरी तहान भागते.

पावसाळ्यात वृक्षारोपण करा. झाडं लावणाऱ्याला आजवर कोणी नावं ठेवलेली नाहीत. टिटवी आणि कंठेरी चिखल्या यांना अंड्यांवर बसल्या बसल्या चहूकडचं दिसेल अशी उघडी जमीन लागते, म्हणून नेमकी तीच निवडा आणि दर पाच फुटांवर एक गुलमोहर लावा. जगला तर पक्षी गेले, मेला तर पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात पुन्हा फोटो.

पक्षिप्रेमींनाही वाटा मिळाला पाहिजे. थवा नुसता बसलेला असला तर फोटोला उठाव येत नाही, म्हणून एक खडा भिरकावावा. सात समुद्र नाही तरी हिमालयापलीकडून आलेली बदकं, त्यांना थोडा व्यायाम झालेला बरा. खाणीच्या कपारीत शृंगी घुबडाची जोडी असेल तर मोबाइलवर घुबडाचा आवाज लावावा, ते बिचारं कोण घुसलं ते बघायला बाहेर येतं. मग ठिकाणाच्या खुणेसकट फोटो टाकावा. पुढच्या रविवारी दहा गाड्या हजर. नंतर घुबड दिसलं नाही की ‘हल्ली पूर्वीसारखे पक्षी राहिले नाहीत’ अशी हळवी पोस्ट लिहायला तुम्ही मोकळे.

तक्रार करायची हौस असेल तर जरूर करा. एका टेबलावर सांगतील, जागा आमची पण पक्षी आमचे नाहीत. दुसऱ्या टेबलावर सांगतील, पक्षी आमचे पण जागा आमची नाही. तिसऱ्या टेबलावरचे जेवायला गेलेले असतात.

आणि एवढं करून मन खट्टू झालंच तर गाडी काढा आणि उजनीला जा. तिथं धरणाच्या यशवंतसागर जलाशयात रोहित (फ्लेमिंगो) बघा, पट्टकदंब बघा, पोरांना होडीत बसवा. फक्त येताना एक गोष्ट मनात आणू नका. पाऊस चांगला झाला की उजनीचा काठ लवकर उघडा पडत नाही, मग चिखलात चरणारी पाखरं उथळ पाणी शोधत आसपासच्या लहान पाणवठ्यांवर जातात. उलट उन्हाळ्यात गावतळी कोरडी पडतात तेव्हा पाणी उरतं ते या खोल खाणींत. मोठं धरण आणि लहान खाण ही पाखरांच्या दृष्टीनं एकाच घराचं माजघर आणि ओसरी आहेत. ओसरी पाडून माजघरात रोहित किती आले ते मोजत बसायचं, हे आपलं पक्षिप्रेम.

हिप्परग्याचा तलाव ब्रिटिश काळातला, उजनी १९८० ची, माळढोकासाठी नान्नजचं अभयारण्य १९७९ चं. ते सगळं कोणीतरी ठरवून केलं, त्यावर खर्च केला. या खाणीवर कोणी दमडी खर्च केली नव्हती. डोंगर फोडून, खडी नेऊन, आपण ती उघडी टाकली होती. पुढचं सगळं पाऊस, शेवाळ आणि पाखरांनी केलं. आणि ते फुकटात झालं हेच आपल्याला सहन झालं नाही. ज्याचं बिल निघत नाही त्याला विकास कसं म्हणणार?

काय करायला हवं होतं ते सांगू? उताराच्या तोंडाशी एक चर. माणूस ओलांडेल, टेम्पो नाही, एवढाच रुंद. मार्च ते ऑगस्ट काठाला कुणी हात लावायचा नाही. पाणकणीस फार वाढलं तर हिवाळा सरताना निम्मं काढायचं, निम्मं ठेवायचं. दिवा लावायचा नाही. फिरायला जागा हवी तर ज्या बाजूला सरळ कडा आहे आणि घुबडाची कपार नाही, त्या बाजूला वरून पायवाट करा, कठडा घाला, बसा की खुशाल. चर खणायला तोच पोकलेन तासाभरात मोकळा झाला असता. एवढं स्वस्त काम आहे म्हणूनच ते कुणी करत नाही, आणि आपणही मागत नाही. आपण कारंजं मागतो. मत मागायला आलेल्याला ‘खाणीचं काहीतरी करा हो, घाण दिसते’ असं आपणच सांगितलेलं असतं. त्यानं केलं. त्याला एकट्याला शिव्या देऊन काय उपयोग?

पिचिंग बसायच्या आधी त्या राडारोड्याच्या ढिगाजवळ मी उभा होतो. विटांचे तुकडे, कमोडची फुटकी सीट, आणि आकाशी रंगाच्या बाथरूमच्या फरश्या, प्रत्येकीवर एक डॉल्फिन. या फरश्या साहेबांच्या नव्हत्या, ठेकेदाराच्याही नव्हत्या. आमच्याच भागातल्या कुणीतरी बाथरूम नवं करून घेतलं होतं. टेम्पोवाल्यानं भाडं कमी सांगितलं म्हणून खूश होऊन त्यांनी तो ठरवला असणार, आणि कमी का, हे विचारलं नसणार. लाज वाटायला हवी. शिकलेली माणसं, बाल्कनीत चिमण्यांसाठी वाटीत पाणी ठेवणारी, आणि घरातली घाण नेऊन टिबुकलीच्या डोक्यावर ओतणारी.

तुम्हीही गेल्या दोन-चार वर्षांत घरात काही तोडफोड केली असेल. टेम्पोवाल्याचा नंबर फोनमध्ये असेलच. आज लावा आणि विचारा, माझा माल कुठं टाकलास. खाण म्हणाला, तर जागा दाखवायला सांगा, भरून उचलायला लावा आणि दोन्ही खेपांचं भाडं तुम्ही द्या.