पुलाशी नदी २६ फुटांच्या आत, म्हणून बडोदा निर्धास्त?

पावसाळा लागला की बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो: "काळा घोडा पुलाशी विश्वामित्री नदी २६ फुटांच्या, म्हणजे धोक्याच्या पातळीच्या आत आहे. आजवा धरणातून पाणी सोडलेलं नाही. पूर येणार नाही, घाबरू नका." धीर द्यायला म्हणून ठीक, पण निष्कर्ष साफ चुकीचा आहे आणि त्याच्या भरवशावर लोक गाड्या तळघरात राहू देतात.

मुळात पातळीचा आकडा म्हणजे नदीची अवस्था नव्हे. २० फुटांवर चढणारी नदी आणि २० फुटांवर उतरणारी नदी मेसेजमध्ये सारखीच दिसते. पुढे दोघी अगदी वेगळ्या वागतात. सायबरनेटिक्समध्ये, म्हणजे व्यवस्थांच्या नियंत्रणाच्या शास्त्रात, याला एक कसोटी आहे. रॉस अ‍ॅशबी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञानं १९५६ मध्ये ती नीट मांडली: एखादी व्यवस्था एकाच अवस्थेतून कधी इकडे, कधी तिकडे जाताना दिसली, तर तिला लहरी ठरवण्याआधी आपल्या वर्णनातून कुठला घटक सुटला ते शोधा. "मागेही २० फूट होती, काही झालं नाही" या म्हणण्यात नेमकं तेच सुटलंय. तेव्हा उगमाकडे, पावागढच्या बाजूला, पाऊस चालू होता का? आजवा किती भरलं होतं? खाली ढाढर नदी दुथडी भरली होती का? विश्वामित्री तिलाच मिळते; तिथं पाणी तुंबलं की इथलं पुढे सरकत नाही.

आजव्याचं म्हणाल, तर ३१ जुलै २०१९ आठवा. शहरावरच २४ तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला. असा पाऊस धरणाच्या दरवाज्यांची वाट पाहत नाही. नदी चढलेली असली की कांसांचं, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांचं, पाणी तिच्यात शिरत नाही, मागे फिरतं. सखल सोसायटीत दारापुढच्या गटाराच्या जाळीतून पाणी बुडबुडत वर येऊ लागतं, तेव्हा पुलावरचा आकडा २६ च्या आतही असू शकतो.

"पाऊस थांबला, आता उतरेल" हेही तसंच. वरचं पाणी शहरात पोचायला तास लागतात. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि पाऊस ओसरल्यावरही घरांतलं पाणी हटेना.

आकडा जरूर पाठवा. सोबत तो किती वाजताचा, तासाभरापूर्वी किती होता, आजव्याची पातळी आणि वरचा पाऊस एवढं लिहा. "घाबरू नका" मात्र काढून टाका.