आधी देवांना नारळ द्या

ग्रीक पुराणकथेवर भव्य चित्रपट काढायचा बेत पक्का झाला असेल, तर पहिलं काम हे: देवांना नारळ द्या. झ्यूस, अथीना, अपोलो, सगळे. आजच्या प्रेक्षकाला म्हणे वास्तव हवं असतं. शत्रूच्या शहरात शिरायला लाकडी घोड्याच्या पोटात दम धरून बसलेली माणसं त्याला वास्तव वाटतात, ढगातून उतरलेली अथीना वाटत नाही. प्रयोग नवा नाही. वोल्फगांग पीटरसन यांनी 2004 च्या ‘ट्रॉय’मध्ये तो सतरा-अठरा कोटी डॉलर खर्चून करून ठेवला आहे, तेव्हा नमुना तयारच आहे. इलियड हे ग्रीक कवी होमरचं ट्रॉयच्या युद्धावरचं महाकाव्य. ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याने ग्रीक राजा मेनेलाउसची बायको हेलन पळवली, म्हणून ते युद्ध पेटलं. श्रेयनामावलीत ‘होमरच्या इलियडवरून प्रेरित’ एवढंच लिहा. ‘आधारित’ म्हणालात तर कोणीतरी मूळ पोथी घेऊन दारात येईल. ‘प्रेरित’ हा या धंद्यातला अटकपूर्व जामीन आहे.

आता देव गेले की कोणकोणती कामं अडतात ते बघू. इलियडच्या पहिल्या सर्गात ग्रीक छावणीत साथ येते. अपोलो नऊ दिवस बाण सोडतो. आधी खेचरं आणि कुत्री मरतात, मग माणसं. साथ थांबवायची तर अपोलोच्या पुजाऱ्याची मुलगी परत द्यायला हवी. ती अ‍ॅगमेम्नॉनच्या, म्हणजे ग्रीक सेनापतीच्या, वाट्याला आलेली असते. ती गेली म्हणून भरपाईदाखल तो ग्रीकांचा सर्वांत शूर योद्धा अकिलीस याची दासी ब्रिसेईस उचलतो आणि अकिलीस रुसून बसतो. साखळीतली एकेक कडी घट्ट आहे. अपोलो काढलात की साथ गेली, साथ गेली की पुजाऱ्याची मुलगी गेली, आणि अ‍ॅगमेम्नॉनकडे ब्रिसेईसला नेण्याचं ‘मी वाईट माणूस आहे’ याखेरीज कारण उरत नाही. म्हणून त्याला भरपूर ओरडायला लावा. साथ मात्र फेकून देऊ नका. शेवटी घोड्याजवळ टाकलेल्या प्रेतांवर फोड रंगवायला ती उपयोगी पडते.

तिसऱ्या सर्गात खरी पंचाईत आहे. पॅरिस आणि मेनेलाउस यांचं द्वंद्व. मेनेलाउस पॅरिसला शिरस्त्राणाला धरून फरफटत नेतो, हनुवटीखालचा बैलाच्या कातड्याचा पट्टा गळ्याला आवळत असतो. अ‍ॅफ्रोडायटी ही प्रेमाची देवता तो पट्टा तोडते आणि पॅरिसला धुक्यात गुंडाळून थेट शयनगृहात नेऊन ठेवते. तिला नारळ दिल्यावर पट्टा कोण तोडणार? ‘ट्रॉय’चा तोडगा असा: पॅरिसने रांगत जाऊन थोरला भाऊ हेक्टर याच्या पायांना मिठी मारायची आणि हेक्टरने मेनेलाउसला तिथेच भोसकायचं. म्हणजे द्वंद्वाचा करार मोडला कोणी, तर अख्ख्या कथेतल्या सर्वांत सरळ माणसाने. होमरकडे हा करारभंग अथीनाच्या चिथावणीने पँडारस नावाचा एक तिरंदाज करतो. महाभारतातून कृष्ण वगळून बघा. जयद्रथवधाच्या दिवशी सूर्य झाकायला कोणाला बोलावणार?

अगदीच राहवत नसेल तर देवांना पुतळ्याच्या रूपात ठेवा, म्हणजे अकिलीसला अपोलोचं मुंडकं उडवता येतं. अकिलीसची आई थेटिस समुद्रदेवता आहे, पण तिला गुडघाभर पाण्यात शिंपले वेचायला उभी करा. कळणाऱ्याला कळेल, बाकीच्यांना म्हातारीचा छंद वाटेल.

मेनेलाउस मेला, आता हात थांबवू नका. मात्र प्रत्येक मुडद्यामागे उरलेलं ग्रीक वाङ्मय किती रद्द होतं याचा हिशेब ठेवा. मेनेलाउस होमरच्याच ओडिसी या काव्याच्या चौथ्या सर्गात स्पार्टाला हेलनसह सुखाने नांदतोय, घरात लग्नाच्या पंगती उठतायत, ते गेलं. अ‍ॅगमेम्नॉनला ट्रॉयमध्येच ब्रिसेईसकडून मारवलंत की तो घरी जाऊन बायकोच्या हातून मरू शकत नाही. इसवी सनपूर्व 458 मधली एस्किलसची तीन नाटकं एका फटक्यात बाद. ग्रीक वीर अजॅक्सला हेक्टरने मारलं, तर तो आत्महत्या करायला उरत नाही. सोफोक्लीसचं एक नाटक वजा. ट्रॉयची राणी हेक्युबा आणि राजकन्या कसांड्रा यांना तर पटकथेत घेऊच नका, त्यांच्यावर नाटकं लिहिणारा युरिपिडीसही आटोपला. उलट ज्यांनी मरायचं ते दोघे, पॅरिस आणि हेक्टरचं तान्हं बाळ, भुयारातून सुखरूप बाहेर काढा. सूडकथांच्या तीन पिढ्या इतक्या काटकसरीने आजवर कोणी मिटवल्या नव्हत्या.

अकिलीसचा जिवलग पॅट्रोक्लस याचं काय करायचं हा नाजूक प्रश्न आहे. तो युद्धात मरतो तेव्हा अकिलीस त्याच्यासाठी अन्नपाणी सोडतो, धुळीत लोळतो. प्लेटोच्या काळी लोक या दोघांच्या प्रेमाबद्दल उघड बोलत. तुम्ही त्याला ‘कझिन’ करून टाका. इंग्रजीत एवढ्यावर भागतं. मराठीत डबिंग करणाराच काय तो अडकेल: चुलत, मामे, आते की मावस? त्याचं तो बघून घेईल.

दहा वर्षांचं युद्ध काही दिवसांत उरका. होमरनेही शेवटच्या वर्षातले पन्नासेक दिवसच घेतलेत, ही सबब तयार ठेवा. फरक इतकाच, की त्याच्या सैनिकांच्या पाठीशी नऊ वर्षं आहेत. दुसऱ्या सर्गात गलबतांच्या फळ्या कुजल्यात, दोर सैल पडलेत, आणि ‘चला घरी’ म्हणताच सगळी फौज किनाऱ्याकडे धावत सुटते. तुमच्या फौजेचे कपडे परवा शिवून आलेले असल्यामुळे हे दृश्य जमणार नाही.

अंत्यसंस्काराला मृतांच्या डोळ्यांवर नाणी ठेवा. नाणी लिडियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, निघाली ती इसवी सनपूर्व सातव्या शतकात, म्हणजे ट्रॉयनंतर पाचशे-सहाशे वर्षांनी. पण कॅमेऱ्यात छान चमकतात. होमरच्या जगात भाव बैलांत सांगतात: मोठी तिवई बारा बैलांची, सोन्याचं चिलखत शंभर बैलांचं. आता मृताच्या डोळ्यांवर दोन बैल ठेवायचे म्हटलं तर कलादिग्दर्शक राजीनामा देईल.

लोक तिकीट काढतात ते घोड्यासाठी आणि टाचेसाठी. या दोन्ही गोष्टी इलियडमध्ये घडत नाहीत. ते काव्य हेक्टरच्या अंत्यविधीवर संपतं. घोडा ओडिसीतून आणि रोमन कवी व्हर्जिलकडून उसना घ्या. टाचेची गोष्ट, म्हणजे अकिलीसला फक्त टाचेतच इजा होऊ शकते ही, त्याहून उशिराची, पहिल्या शतकातल्या स्टेशियस या रोमन कवीच्या काव्यातली. टाचेत बाण लागून धट्टाकट्टा माणूस मरेल कसा, असं वास्तववादी प्रेक्षक विचारणारच. त्यावर युक्ती अशी: पहिला बाण टाचेत, पुढचे छातीत, मग छातीतले त्यानेच उपटून टाकायचे, म्हणजे प्रेत सापडेल तेव्हा टाचेतला तेवढा शिल्लक. घोडा मोडीत काढू नका. ‘ट्रॉय’मधला तुर्कस्तानात चानाक्कलेच्या समुद्रकाठी उभा आहे आणि पर्यटक त्याच्यापुढे फोटो काढतात.

राहता राहिलं चित्रीकरण. ‘ट्रॉय’ची तटबंदी माल्टात आणि मेक्सिकोत उभारली होती. मेक्सिकोतल्या भिंती चक्रीवादळाने पाडल्या, आणि अकिलीस झालेल्या ब्रॅड पिट यांचा नेमका टाचेमागचा स्नायुबंध दुखावला, ज्याला वैद्यकात अकिलीसचंच नाव आहे. काम रखडलं. तेव्हा पटकथेतून देव खुशाल काढा, विम्याच्या कागदातलं ‘दैवी आपत्ती’चं कलम मात्र खोडू नका.