मागच्या डेकवरची मासेमारी

बास म्हणजे गोड्या पाण्यातला एक मासा. त्याच्या मासेमारीच्या स्पर्धेत एका बोटीवर दोन माणसं असतात. पुढच्या डेकवर उभा असतो तो बोटर. बोट त्याची, इंजिन त्याचं. कुठे जायचं, किती वेळ थांबायचं, हेही तोच ठरवणार. मागच्या डेकवर असतो तो को-अँगलर. त्याच्या मालकीचं म्हणजे चार रॉड, जेवणाचा डबा आणि स्वतःचं मत, जे कोणी विचारत नाही. मी को-अँगलर आहे. कारण सरळ आहे. बरी नवी बास बोट घ्यायची तर सत्तर-ऐंशी हजार डॉलर बघता बघता जातात, आणि आमच्या घरात एवढ्या मोठ्या रकमेचा उच्चार फक्त मुलीच्या कॉलेजच्या संदर्भातच करायची परवानगी आहे.

मी राहतो अलाबामातल्या हंट्सव्हिलला. तिथून जवळच गंटर्सव्हिलचा जलाशय. टेनेसी नदीवरचं हे धरण १९३९ साली पुरं झालं आणि सुमारे ६९ हजार एकर पाणी साठलं. आत पाणगवताची रानं, आणि त्या रानांत लार्जमाउथ, म्हणजे मोठ्या तोंडाचा, बास. देशभरातून लोक इथे बोटी ओढत येतात. मी मूळचा अलिबागच्या खारेपाटातला, म्हणजे मासा पाण्यात असला काय आणि ताटात असला काय, आम्हाला ओळख करून द्यावी लागत नाही. आमच्याकडे तळ्यातला जिताडा जावयाला जातो, नाहीतर ज्याच्याकडे आपलं काम अडलंय त्या साहेबाला. फुकट पाण्यात परत जात नाही.

आमच्याकडे गरवायला जाणं म्हणजे गळ टाकायचा, बांधावर बसायचं आणि गावातल्या लोकांबद्दल बोलायचं. या निरुपद्रवी उद्योगाची स्पर्धा करून टाकली ती माँटगोमेरीच्या रे स्कॉट नावाच्या एका विमा एजंटाने. पावसामुळे मासेमारी बारगळलेली, गृहस्थ हॉटेलच्या खोलीत टीव्हीवर बास्केटबॉल बघत बसलेला, आणि त्याच्या मनात आलं, मासेमारीचं असं का होऊ नये? १९६७ च्या जूनमध्ये त्याने आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर १०६ माणसं जमवली, प्रत्येकाकडून १०० डॉलर प्रवेश फी घेतली आणि स्पर्धा लावली. विमा एजंटच तो, माणसाला हवी नसलेली गोष्ट गळ्यात मारायची कला अंगात होतीच. १९७१ मध्ये त्याने पहिली बासमास्टर क्लासिक ही मोठी स्पर्धा भरवली. स्पर्धकांना विमानात बसवलं आणि विमान उडाल्यावर सांगितलं की आपण लेक मीडला चाललोय. विजेत्याला दहा हजार डॉलर होते; आता तीन लाख मिळतात. आमच्या क्लबात पहिल्या आलेल्या को-अँगलरला जे मिळतं त्यात महिन्याची गळ-दोरी निघते. माझी तीही निघत नाही.

त्या एजंटाने १९७२ मध्ये आणखी एक नियम आणला: पकडलेला मासा जिवंत ठेवायचा आणि वजन करून सोडून द्यायचा. नियम उत्तम आहे. त्यामुळेच तर एवढ्या स्पर्धा होऊनही तलावांत मासे उरलेत, हे मी बुद्धीने मान्य करतो. जिभेचं काय करायचं, ते नियमावलीत दिलेलं नाही.

स्पर्धेच्या आदल्या रात्री जोड्या लागतात. उद्या दिवसभर आपण कोणाच्या बोटीत, हे तेव्हा कळतं. मग बोटरचा मेसेज येतो: ‘साडेचारला रॅम्पवर. पेट्रोलचे पैसे रोख. केळं आणू नको.’ रॅम्प म्हणजे बोट पाण्यात उतरवायचा उतार. यातला केळ्याचा मुद्दा चेष्टेचा नाही. बोटीवर केळं असलं की मासा लागत नाही, अशी इथे पक्की समजूत आहे. ज्या माणसाच्या बोटीवर उपग्रहाशी बोलणारा नकाशा आहे, पाण्याचं तापमान दशांशात दाखवणारं यंत्र आहे, तो माझा डबा उघडून केळं शोधतो. एकाने तर केळ्याचे वेफर्ससुद्धा गाडीत ठेवून यायला लावले. मी वाद घातला नाही. आमच्या कॉलनीत गाडीला लिंबू-मिरची बांधणारे आम्हीच.

पहाटे बोटींची तपासणी होते. आधीच कोणी मासा लपवून आणलाय का हे बघायला माशांची टाकी उघडून पाहतात. मग उजाडल्यावर नंबरवार एकेक बोट सुटते. सुटते म्हणजे काय, तर अडीचशे हॉर्सपॉवरचं इंजिन एकदम जागं होतं आणि तासाला साठ-सत्तर मैलांनी बोट पाण्यावरून उडत जाते. मार्चमधल्या सकाळी त्या वेगात समोरून येणारा वारा कानटोपीच्या आतून फिरतो. पुढच्याला स्टिअरिंग धरायला असतं. मागच्याला देवाचं नाव.

आणि एवढं धावून बोट थांबते ती दहा मैलांवरच्या एका काठाशी, जो आपण निघालो त्या काठासारखाच हुबेहूब दिसतो.

आता मागच्या डेकचं खरं दुःख. बोटर पायाने छोटी इलेक्ट्रिक मोटर चालवत काठाने हळूहळू पुढे सरकतो. पडलेलं झाड आलं, त्याचा पहिला फेक. गवतात भोक दिसलं, त्याचा पहिला फेक. धक्क्याचा खांब आला, त्याचे तीन. नंतर ते झाड, ते भोक, तो खांब माझ्यासमोर येतो. पंगतीत शेवटच्या पाटावर बसलं की वाढपी पोहोचेपर्यंत भांड्यात फक्त रस्सा उरतो, तसलं हे पाणी. त्यातही काही बोटर असे कसबी, की बोटीचं नाक काठाकडे आणि ढुंगण तलावाच्या मधोमध करून उभे राहतात. म्हणजे त्याच्यासमोर गवताची कड आणि माझ्यासमोर वीस फूट खोल निव्वळ पाणी. तक्रार करायची सोय नाही. बोट कशी धरायची हा त्याचा हक्क.

हल्ली त्यात ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या ‘सोनार’ची भर पडलीय. २०१८ पासून असं यंत्र निघालंय की बोटीसमोरचा मासा पोहताना तिथल्या तिथे स्क्रीनवर दिसतो, आपलं आमिष त्याच्याकडे जाताना दिसतं, आणि त्याने तोंड फिरवलेलंही दिसतं. पुढचा माणूस पाण्याकडे बघतच नाही. मान खाली, डोळे स्क्रीनवर. ‘आला, आला, आला... गेला,’ एवढं समालोचन मला ऐकू येतं. स्क्रीन त्याच्या बाजूला तोंड करून असतो, मला त्याची काळी पाठ दिसते.

वारा समोरून असला की रीलचा, म्हणजे रॉडवरच्या दोरी गुंडाळायच्या चाकाचा, प्रसाद मिळतो. बासवाले वापरतात त्या बेटकास्टर रीलमध्ये फेकताना स्पूल, म्हणजे दोरीचं रीळ, स्वतःच फिरतो. वाऱ्याने आमिष हवेत अडलं तरी स्पूल फिरतच राहतो आणि एका सेकंदात दोरीचा असा गुंता होतो की ज्याने दोरी बनवली त्यालाही टोक सापडू नये. सोडवायची रीत आहे: अंगठ्याने गुंता दाबून धरायचा, हँडल अर्धा वेढा फिरवायचं, मग दोरी ओढायची. एक फास वर येतो. तो हळूच नखाने उचलायचा. त्याखाली दुसरा. दुसऱ्याखाली पहिल्याचा मोठा भाऊ. नेमकं हे चालू असताना पुढचा ओरडतो, ‘नेट! नेट!’

जाळं धरणं हे को-अँगलरचं अलिखित कर्तव्य. बोटरला मासा लागला की हातातलं सगळं टाकून धावायचं. मासा आधी डोक्याकडून जाळ्यात आला पाहिजे, शेपटीकडून नाही. जाळं पाण्यात आधीच बुडवून ठेवायचं, माशाच्या मागे पळवायचं नाही. मी हे चोख करतो. लहानपणी काकाच्या पागाखाली उभं राहून शिकलोय. मासा आत आला की बोटर त्याच्याशी बोलतो, त्याचा फोटो काढतो, त्याच्यासाठी देवाचे आभार मानतो. मी जाळं झटकून जागेवर ठेवतो.

आमिषांबद्दल बोलायचं तर जन्म जाईल. स्पर्धेत जिवंत आमिष चालत नाही. सगळं रबराचं, प्लास्टिकचं, लाकडाचं. एकट्या रबरी गांडुळांचे एवढे रंग, की साडीच्या दुकानातल्या माणसाने हात जोडावेत: ग्रीन पंपकिन, वॉटरमेलन रेड, जूनबग. आणि ग्रीन पंपकिनमध्ये निळी चमकी की जांभळी, यावर शहाणीसुरती माणसं रॅम्पवर तास घालवतात. आता संशोधक म्हणतात की बासला लाल आणि हिरवा चांगला कळतो, पण पिवळट-हिरवा चार्ट्रूज आणि पांढरा यात तो गोंधळतो. दुकानदाराला हे माहीत असणारच. तो दोन्ही विकतो. बासला भूक लागलेली असावी लागते असंही नाही. नाकासमोरून काहीतरी सारखं वळवळत गेलं तर तो नुसता वैतागूनही चावतो. माझी सगळी भिस्त या वैतागावर आहे.

आणि लागतो की कधीतरी! एकदा अकराच्या सुमाराला बोटर सँडविचचा कागद सोडत होता. बोट वाऱ्याने आपसूक फिरली आणि आयुष्यात प्रथमच गवताची कोरी कड माझ्या वाट्याला आली. गांडूळ बुडालं, दोरी बाजूला सरकली. ओढलं. पाणी फुटलं आणि हिरवट-काळा मासा कल्ले फाकवून, तोंडाचा बोगदा उघडून हवेत डोकं हलवायला लागला. ‘नेट!’ मी ओरडलो. बोटरच्या एका हातात सँडविच. त्याने सँडविचकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ते नीट कागदात गुंडाळून ठेवलं. मासा तोवर थांबला. माशाला रीतभात होती.

गंटर्सव्हिलला लार्जमाउथ निदान १५ इंच भरावा लागतो. मोजपट्टीवर त्याचं तोंड बंद करून, शेपटी चिमटून बघितलं: चांगला वीसच्या पुढे. तीन वाजेपर्यंत टाकीत त्याला हवा, गार पाणी, सगळी बडदास्त. मेला तर आमच्या क्लबात वजनातून चार औंस कापतात. स्वतःच्या तब्येतीची एवढी विचारपूस मी कधी केली नाही.

वजनाला रांग असते. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी, पाण्यात मासा, पिशवी छातीशी धरून लोक उभे. माझा सहा पौंड दोन औंस. को-अँगलरमधला त्या दिवसाचा सगळ्यात मोठा मासा. टाळ्या झाल्या, कॅप मिळाली, आणि एका गंभीर गृहस्थाने आठवण करून दिली की प्रवेशअर्जावर मी पॉलिग्राफला संमती दिलेली आहे. हो, लाय डिटेक्टर. मासेमाराच्या शब्दावर जग किती भरवसा ठेवतं, त्याचा हा पुरावा. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता याने २२ पौंड ४ औंसांचा बास पकडून जॉर्ज पेरीच्या १९३२ च्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली, तर त्यालाही मशीनवर बसवलं होतं. ते योग्यच म्हणायला पाहिजे. २०२२ मध्ये लेक ईरीवर वॉलाय माशांच्या स्पर्धेत जिंकणाऱ्या जोडीचे मासे चिरले, तर पोटातून शिशाचे गोळे आणि दुसऱ्याच माशांचे तुकडे निघाले. दोघांना दहा दिवस तुरुंग झाला आणि बोटही गेली.

मला मशीनवर बसवलं नाही. मासा सोडायच्या बोटीत गेला आणि तिथून तलावात.

रात्री आईला फोन केला. सहा पौंड म्हणजे पावणेतीन किलो, हे तिला सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, ‘तुकड्या किती पडल्या?’

‘सोडून दिला, आई. सोडायचाच असतो.’

‘बरं बरं,’ आई म्हणाली. ज्या सुरात ती वडिलांना ‘बरं बरं’ म्हणायची, तो सूर मी ओळखतो. फोटो पाठवला. तो तिने मावशीला दाखवला, मावशीने आळीत. आळीत एकमत झालं की फोटो दुसऱ्याच्या माशाबरोबर काढलाय. नाहीतर पावणेतीन किलोचा मासा हातात आल्यावर कोण शहाणा पाण्यात टाकेल?

दिवाळीचं पार्सल आलं तेव्हा चिवड्याखाली सुके बोंबील निघाले, त्याखाली सोडे, आणि सगळ्यात तळाला जवळा. चकल्यांना वास लागला होता. वर मावशीच्या हातची चिठ्ठी: ‘तिकडं मासे मिळत नाहीत असं कळलं. लाजू नको, संपले की सांग.’