शुगर मिनॉटबद्दल मराठीत कुणीतरी लिहायला हवं म्हणून

रेगे, म्हणजे जमैका बेटावरचं संगीत, म्हटलं की आपल्याकडे गोष्ट बॉब मार्लेपासून सुरू होते आणि बॉब मार्लेपाशीच संपते. गोव्यातल्या शॅकवर मार्ले, टी-शर्टवर मार्ले, कॉलेजच्या हॉस्टेलच्या भिंतीवर मार्ले. तो थोरच होता, त्यात वादच नाही. पण १९८१ मध्ये मार्ले गेला आणि त्याच वर्षी त्याच बेटावरचा दुसरा एक माणूस ब्रिटनच्या चार्टमध्ये चौथ्या नंबरवर पोचला होता, हे आपल्यातल्या किती जणांना माहितीय? त्याचं नाव लिंकन बॅरिंग्टन मिनॉट, सगळं जग त्याला शुगर मिनॉट म्हणायचं. जन्म २५ मे १९५६, किंग्स्टन, जमैका. गायक, गीतकार, निर्माता आणि साउंड सिस्टिमचा मालक. माझं स्पष्ट मत आहे की मार्लेनंतर जमैकाचं संगीत कुठे गेलं हे समजून घ्यायचं असेल तर ह्या माणसापासून सुरुवात करायला पाहिजे.

आधी साउंड सिस्टिम म्हणजे काय ते सांगतो कारण त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. आपल्याकडे गणपतीत स्पीकरची भिंत लागते ना, साधारण तसलाच प्रकार, फक्त तिथे ती वर्षभर गल्लोगल्ली फिरते आणि गाण्याचं भवितव्य तिथेच ठरतं. रेकॉर्ड निवडून लावतो तो सिलेक्टर, माइक घेऊन त्यावर बोलतो-गातो तो डीजे. रेडिओवर काय वाजतंय ह्यापेक्षा शनिवारी रात्री त्या मैदानात लोक कशावर ओरडले हे महत्त्वाचं. शुगर लहानपणी अशाच एका साउंडवर सिलेक्टर होता, म्हणजे गाण्याआधी त्याने ऐकण्याचं शिक्षण घेतलं. कुठल्या रेकॉर्डच्या कुठल्या बेसवर माणसं हलतात हे त्याच्या अंगात भिनलेलं होतं आणि पुढचं सगळं त्यातूनच आलं असं मला वाटतं.

सत्तरच्या दशकात टोनी टफ आणि डेरिक हॉवर्ड ह्या दोघांबरोबर त्याचा ‘आफ्रिकन ब्रदर्स’ नावाचा ग्रुप होता. मग तो गेला स्टुडिओ वनला. ब्रेंटफर्ड रोडवरचा क्लेमंट ‘कॉक्सन’ डॉडचा हा स्टुडिओ म्हणजे जमैकन संगीताचं विद्यापीठच, साठच्या दशकातले जवळपास सगळे मोठे आवाज तिथून गेलेत. पण शुगर पोचला तेव्हा डॉडचा तो सुवर्णकाळ ओसरला होता. चॅनेल वनसारखे नवे स्टुडिओ डॉडच्याच जुन्या चाली नव्या दमाच्या ड्रमवर पुन्हा वाजवून हिटवर हिट देत होते आणि मूळ टेप्स मात्र डॉडच्या कपाटात पडून होत्या.

इथे शुगरने जे केलं ते मला अजूनही थक्क करतं. त्याने त्या जुन्या टेप्सवरच नवी गाणी लिहिली. जमैकात गाण्याच्या ड्रम-बेसच्या पायाला रिदिम म्हणतात आणि एका रिदिमवर वेगवेगळे लोक वेगवेगळी गाणी गातात. साउंडवरचे डीजे हे आधीपासून करत होतेच, पण शुगर तेच गायक म्हणून, आख्खं नवं गाणं, नवी चाल घेऊन, स्टुडिओत करायला लागला. अल्टन एलिसच्या ‘आय एम जस्ट अ गाय’च्या रिदिमवर ‘व्हॅनिटी’. टेनर्सच्या ‘प्रेशर अँड स्लाइड’वर ‘ओ मिस्टर डीसी’, ज्यात खेड्यातून गांजा घेऊन आलेला एक गरीब माणूस डिस्ट्रिक्ट कॉन्स्टेबलला विनवतोय की बाबा रे सोड मला, घरी पोरं उपाशी आहेत. इतकी गोड चाल आणि आत इतकी लाचारी, आणि आवाज एकदाही रडका होत नाही! ह्याच काळातला त्याचा अल्बम ‘लिव्ह लव्हिंग’ १९७८ मध्ये आला. ऐंशीच्या दशकात रेगेच्या ज्या नव्या प्रकाराला डान्सहॉल म्हणायला लागले त्याचं बियाणं ह्यात आहे असं अनेक जाणकार मानतात, आणि मीही त्यातलाच.

पण टेप डॉडची, स्टुडिओ डॉडचा, लेबल डॉडचं. जमैकात तेव्हा गायकाच्या हातात थोडेफार पैसे पडायचे आणि गाणं आयुष्यभर दुसऱ्याचं व्हायचं. बहुतेक जण कुढत राहिले. शुगरने स्वतःचं ‘ब्लॅक रूट्स’ लेबल काढलं आणि सोबत ‘यूथ प्रमोशन’ नावाची संस्था उभी केली, किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांमधल्या पोरांना गाण्यात आणण्यासाठी. पुढे त्याच नावाने त्याची साउंड सिस्टिम पण चालली. तेव्हा तो विशीच्या सुरुवातीला होता हे लक्षात घ्या. स्वतःचंच अजून धड बस्तान बसलेलं नाही आणि हा दुसऱ्यांना जागा करून देतोय.

१९७९ मध्ये ‘हार्ड टाइम प्रेशर’ ब्रिटनमधल्या रेगे ऐकणाऱ्यांत जोरात चाललं आणि तो तिकडे गेला. तिथे तेव्हा लव्हर्स रॉकचा जमाना होता, म्हणजे कॅरिबियन घरांतल्या तरुण पोरापोरींचं हळुवार प्रेमाचं रेगे, आणि शुगरचा आवाज त्याला अगदी फिट्ट बसला. मग १९८१ मध्ये मायकल जॅक्सनने लहानपणी गायलेलं एक गाणं त्याने ‘गुड थिंग गोइंग’ म्हणून गायलं, आरसीएसारख्या मोठ्या कंपनीने ते उचललं आणि ते थेट चौथ्या नंबरवर गेलं.

आता करिअरच्या हिशोबाने बघितलं तर इथे त्याने लंडनमध्ये बूड टेकवून अशीच आणखी दहा गाणी करायला हवी होती. केली नाहीत. तो किंग्स्टनला परत गेला आणि यूथ प्रमोशनच्या कामाला लागला. बरेच लोक ह्याला संधी घालवली म्हणतात. मला हे पटत नाही, अजिबात नाही. चार्टमधला चौथा नंबर काही आठवड्यांत उतरतो, पण यूथ प्रमोशनमध्ये त्यानंतर जे घडलं ते बघा. टेनर सॉ, लिटल जॉन, यामी बोलो, ज्युनियर रीड, बॅरी ब्राउन हे सगळे कधी ना कधी ह्या माणसाच्या आधाराने पुढे सरकलेत. ज्युनियर रीड तर पुढे ब्लॅक उहुरूसारख्या जगप्रसिद्ध बँडचा मुख्य गायक झाला. पोरांना स्टुडिओचा वेळ द्यायचा, रिदिम द्यायचा, आणि आधी साउंडवर लोकांसमोर माइक द्यायचा, हे सगळं शुगर करत होता, आणि त्यात किती पैसा परत आला असेल ह्याचा अंदाज तुम्हीच करा.

एक तक्रार मात्र मलाही आहे. त्याने फार म्हणजे फारच रेकॉर्ड केलं. ज्याने बोलावलं त्याच्याकडे गायला, डझनावारी अल्बम, त्यातले काही सुमार, त्यामुळे नवीन ऐकणाऱ्याला कळतच नाही कुठून सुरुवात करावी आणि तो चुकीचा अल्बम लावून सोडून देतो. पण त्याच गर्दीत १९८४ चं ‘हर्बमन हसलिन’ आहे, निर्माता जॉर्ज फँगसाठी गायलेलं ‘बाय ऑफ द बार’ आहे. आणि १९८५ मध्ये ‘स्लेंग टेंग’ नावाच्या रिदिमने संगणकी बीट आणली तेव्हा जुन्या पिढीतले कितीतरी गायक मागे पडले, शुगर मात्र गातच राहिला. सिलेक्टरचे कान होते ना त्याचे!

१० जुलै २०१० ला किंग्स्टनमध्ये तो गेला, वय फक्त ५४.

ऐकायचं असेल तर ‘लिव्ह लव्हिंग’पासून सुरू करा, मग १९७९ चं ‘ब्लॅक रूट्स’, मग ‘हर्बमन हसलिन’. ‘गुड थिंग गोइंग’ शेवटी ऐका, पहिलं नको, नाहीतर तो फक्त गोड गाणारा वाटेल. आणि ह्या सगळ्यानंतर टेनर सॉचा १९८५ चा ‘फीव्हर’ लावा. तो पोरगा विशीतच, १९८८ मध्ये अमेरिकेत वारला, मागे मोजकीच गाणी ठेवून. त्या अल्बमचा निर्माता शुगर मिनॉट आहे.