वेगळा तास नकोच, पण मार्क हवेत

शाळेत डिजिटल साक्षरतेला (म्हणजे मोबाईल-इंटरनेटवरची माहिती पारखून घेण्याला) स्वतंत्र तास नको, ती भाषा-गणित-इतिहासातच शिकवा, असं सांगणारा लेख वाचला. मुद्दा एकदम पटला. संगणकाच्या तासाला अजून पेंट आणि टायपिंगच चालतं, तेही लॅबची किल्ली सापडली तर!

मी गणित शिकवते. स्तंभालेख आला की एकच माहिती दोनदा काढायला लावते. सोमवारी डेअरीत ५० लिटर दूध, मंगळवारी ५२. एकदा अक्ष शून्यापासून, एकदा ४९ पासून. दुसऱ्या आलेखात मंगळवारचा स्तंभ तिप्पट उंच! पोरं आधी हसतात, मग एखादा विचारतोच, "बाई, म्हणजे निवडणुकीत मोबाईलवर येतात ते पण असेच?" याला ना टॅब लागतो ना इंटरनेट, खडू-फळा पुरतो. इतिहासाच्या सरांनी विकिपीडियाच्या पानावर कोणी, कधी, काय बदललं ते उघडून दाखवावं, साधनांची चिकित्सा, म्हणजे माहिती कुठून आली ते तपासणं, तिथेच सुरू होते.

आणि हे चोचले नाहीत. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेपायी जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागायला आलेली माणसं होती ती. तसले मेसेज तेव्हा व्हॉट्सॲपवर गावोगाव फिरत होते.

लेखात मूल्यमापनाबद्दल मात्र अवाक्षर नाही. सहामाहीच्या पेपरात यावर दोन मार्कांचा प्रश्न येत नाही तोवर मुख्याध्यापक म्हणणार, "आधी पोर्शन संपवा, बाई."