इतर हक्कात मी

ज्या घराचे कर्ज मी अजून फेडतो आहे, त्याच घरात माझे नाव काल सातबाऱ्यावर असतो तशा 'इतर हक्क' या रकान्यात घालण्यात आले आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही. मुलीने रस्त्यावरचे एक पिल्लू उचलून आणले, त्याचे नाव शेरू ठेवले, आणि घरात सात वर्षांपासून मनी नावाची मांजर आहे. एवढी पार्श्वभूमी पुरे.

पशुवैद्यांचे म्हणणे असे की, कुत्रा आणि मांजर यांना एकदम समोरासमोर आणू नये. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावे, एकाचे अंथरूण दुसऱ्याला हुंगायला द्यावे, मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना जेवू घालावे, आणि त्यानंतर कुत्र्याला पट्ट्याने धरून व मांजरीला चढायला उंच जागा मोकळी ठेवून दुरूनच दर्शन घडवावे. पद्धत उत्तम आहे, मात्र ती बहुधा पुष्कळ खोल्यांच्या घरात जन्मलेली असावी. आमच्याकडे शेरूला झोपायची खोली मिळाली, मनीला दिवाणखाना आणि स्वयंपाकघर मिळाले, बायको-मुलगी शेरूच्या खोलीत पलंगावर सामावल्या, आणि मला वाळत घातलेल्या कपड्यांखाली गॅलरी मिळाली.

अशा स्थितीत तळमजल्यावरचे काका आले. ते भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले आहेत, आणि निवृत्तीनंतर मोजण्यासारखे काही हाती न उरल्याने त्यांची दृष्टी सतत इतरांच्या घरांवर असते. भुंकणे ऐकून आलो असे म्हणत त्यांनी खिशातून मोजपट्टी आणि खडू काढला.

"वाद हद्दीचा आहे. मांजरीचा ताबा किती वर्षांचा?"

"सात."

"मग मालकी नाही. बारा वर्षं लागतात, तीही अखंड, उघड आणि मूळ मालकाच्या विरोधात."

तिसरी अट पहिल्या दिवसापासून पुरी होत आहे, असे मी म्हणालो. त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. "मूळ मालक कोण?"

"मी."

"झोपता कुठे?"

"गॅलरीत."

"म्हणजे प्रत्यक्ष ताबा नाही," असे म्हणून त्यांनी वहीत बँकेचा बोजा चढवतात त्याच रकान्यात माझे नाव लिहिले आणि त्याखाली, मला दिसेल अशा बेताने, रेघ ओढली. माझी पत्नी हे सगळे पाहत होती. ती हसली, आणि तिने काकांसाठी चहा टाकला.

मग चतुःसीमा ठरू लागल्या. पूर्वेस फ्रीज, पश्चिमेस सोफा, दक्षिणेस देव्हारा, असे म्हणत काका जमिनीवर खडूने रेघा ओढत होते आणि मनी फ्रीजवरून शेपटीचे फटके मारत हे काम पाहत होती. "शेपूट हलवतेय, म्हणजे संमती आहे," काका म्हणाले. कुत्र्याचे शेपूट हलते ते बहुतेक वेळा लोभाने आणि मांजरीचे फटके मारते ते वैतागाने, हे त्यांना सांगायला मी तोंड उघडले. या दोन जातींत होणाऱ्या बऱ्याच गैरसमजांचे मूळ हेच आहे. पण काकांनी तोवर फ्रीजची उंची घेण्यासाठी हात वर नेला होता. मनीने त्या हातावर एक चापट ठेवली, तीही नखे आत ओढून, म्हणजे सौजन्याने. काका क्षणभर स्तब्ध झाले आणि मग त्यांनी वहीत लिहिले, "हरकत प्राप्त."

या गडबडीत दार उघडे राहिले, शेरू सुसाट आला आणि त्याने मनीची बशी पुसून काढली. मांजरीच्या खाण्यात प्रथिने आणि चरबी जास्त असल्याने कुत्र्यांना ते प्राणप्रिय असते. कुत्र्याच्या खाण्यात मात्र मांजरीला लागणारे टॉरिन हे पोषकद्रव्य पुरेसे नसल्याने उलटी देवाणघेवाण तिला परवडत नाही. म्हणजे मनीला नवे अन्न आणायचे तेही माझ्याच पैशाने. काकांनी याची 'अतिक्रमण' अशी नोंद केली, दोन कप चहा घेतला आणि नकाशाची प्रत नंतर देतो असे सांगून ते गेले.

आज सकाळी सोसायटीचे पत्र आले. कुत्र्याच्या भुंकण्याने रहिवाशांची झोपमोड होते, सबब तो हलवावा. मी शेरूचा महापालिकेचा परवाना काढला आहे, रेबीजची लस टोचली आहे, आणि भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, हेही मला ठाऊक आहे. ज्यांची मुले रात्री अकरापर्यंत जिन्यात चेंडू आपटतात, त्यांची झोप एका पिल्लाने मोडते, हेच मला समजत नाही. पण पत्राखालच्या सह्यांत पहिली सही काकांची होती.

मी तडक खाली गेलो आणि विचारले, "काका, काल तुम्ही माझ्याकडे हद्दी आखत होतात आणि आज हे?"

"ती सही अर्जदार म्हणून आहे," काका शांतपणे म्हणाले. "तुमच्याकडे मी मोजणीदार म्हणून आलो होतो. दोन्हींची गल्लत करू नका. आणि हो, मोजणीची फी बाकी आहे."