2520 ला 1 ते 10 ने भाग का जातो?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. 2520 ला 1 ते 10 या सगळ्या संख्यांनी निःशेष भाग जातो, अशी दुसरी संख्या नाही, तिचं गुपित 7 वार × 30 दिवस × 12 महिने या गुणाकारात आहे आणि ते रामानुजन यांनी उलगडलं, असं त्यात म्हटलेलं असतं. भाग जातो, हे खरं आहे. बाकीचे तीनही दावे चुकीचे आहेत.

"दुसरी संख्या नाही." 5040 घ्या, 7560 घ्या, 10080 घ्या. 2520 च्या पाढ्यातल्या प्रत्येक संख्येला 1 ते 10 ने भाग जातो आणि हा पाढा संपत नाही. 2520 ही त्यांतली सर्वांत लहान, म्हणजे 1 ते 10 चा लसावि. शाळेत शिकवतात तोच.

तो काढताना दोन चुका हमखास होतात. दहाही संख्यांचा सरळ गुणाकार केला तर 36,28,800 येतात. भाग जातो, पण उत्तर 1440 पट मोठं. उलट 2, 3, 5, 7 या मूळ संख्यांचाच गुणाकार केला तर 210 येतात आणि त्याला 4, 8, 9 ने भाग जात नाही. म्हणून प्रत्येक मूळ संख्येचा 10 च्या आत बसणारा सर्वांत मोठा घात घ्यायचा: 2 चा 8, 3 चा 9, मग 5 आणि 7. 8 × 9 × 5 × 7 = 2520. 6 आणि 10 साठी वेगळं काही लागत नाही, त्यांचे अवयव आधीच आत आहेत.

हीच रीत पुढे नेऊन पाहा, यातच खरी गंमत आहे. 11 घेतला की 27,720. 12 ला काहीच बदल नाही. 13 ला 3,60,360. 14, 15 फुकट. 16 ला फक्त आणखी एक 2 हवा, म्हणून 7,20,720. 17 आणि 19 ने गुणलं की 23,27,92,560. 1 ते 20 ने भाग जाणारी ही सर्वांत लहान संख्या.

"वार, दिवस, महिने." 30 मध्ये 2, 3, 5 आहेत, 12 मध्ये 2, 2, 3 आहेत आणि वारांचा 7. तेच अवयव, म्हणून तेच उत्तर. 31 दिवसांचा महिना धरला तर 2604 येतात. त्याला 5, 8, 9, 10 ने भाग जात नाही. 28 दिवसांचा धरला तर 2352. तिथे 5, 9, 10 अडतात.

"रामानुजन यांनी उलगडलं." दुपटीला, म्हणजे 5040 ला, 1 ते 10 ने भाग जातो हे ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने 'लॉज' (Laws, म्हणजे कायदे) या ग्रंथात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच लिहिलं होतं. रामानुजन यांचा 1915 चा शोधनिबंध वेगळ्या प्रश्नावर आहे: आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक कोणत्या संख्यांना असतात? 2520 त्या यादीत आहे. तिच्या अवयवांत 2 तीनदा, 3 दोनदा, 5 आणि 7 एकेकदा येतात; या 3, 2, 1, 1 मध्ये प्रत्येकी एक मिळवून गुणा: 4 × 3 × 2 × 2 = 48 विभाजक. यादीत तिच्या आधी 1680 आहे, 40 विभाजकांची. नंतर थेट 5040, 60 विभाजकांची.